दुसऱ्याच्या घरचा कायदा



ऑगस्ट १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्याचा निकाल दिला, तोवर 'सीडॉ' हा आपल्यापैकी अनेकींच्या लेखी परिषदांमधला आणि अहवालांमधला शब्द होता. त्या निकालाने तो कामाचा झाला. देशात कायदा नाही, पण स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या करारावर सरकारने सही केली आहे, १९९३ मध्ये त्याला मंजुरीही दिली आहे. मग त्या सहीला काही अर्थ आहे की नाही? या आधारावर न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. प्रत्यक्ष कायदा यायला २०१३ साल उजाडलं, पण मधल्या सोळा वर्षांत आपण शिबिराशिबिरातून एकच गोष्ट सांगत होतो: सही केली ना, मग पाळा.

या वेळी बोलायचं आहे ते सही न केलेल्या कायद्याबद्दल. जो करार आपल्या देशाने केलेला नाही, जो कायदा बनवणाऱ्या सभागृहात आपला प्रतिनिधी नाही, ज्याचं न्यायालय आपलं नाही, असा कायदा आपल्याकडे येऊन पोचतो का? पोचतो. कधी सरकारच त्याला पायघड्या घालतं, कधी तो निर्यातीच्या मालाबरोबर येतो. 'हे बाहेरचं आहे, आपल्याला काय त्याचं' म्हणून नाक मुरडणाऱ्या आणि 'युरोपात झालं, आता आपल्याकडेही होईल' म्हणून हुरळून जाणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या कार्यकर्त्या आपल्या बैठकांत भेटतात. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडावासा वाटतो.

युरोपीय संघ ही २७ देशांची संघटना. संयुक्त राष्ट्रसंघात ठराव होतात आणि ते पाळायचे की नाही हे बहुतेक वेळा देशाच्या मर्जीवर राहतं. युरोपीय संघाचं तसं नाही. त्याचा कायदा सभासद देशांच्या कायद्याच्या वर असतो आणि साध्या नागरिकालाही आपल्या गावच्या कोर्टात तो दाखवता येतो, असं लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १९६३ आणि १९६४ मध्येच ठरवून टाकलं. म्हणून त्याला राष्ट्रोपरी कायदा म्हणायचं. याचा बायकांना काय उपयोग झाला ते गाब्रिएल दफ्रेन यांच्या खटल्यात दिसलं. त्या बेल्जियमच्या विमान कंपनीत विमानसेविका होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा पगार कमी, आणि चाळिशी आली की बाईने घरी बसायचं, पुरुषाने नाही, असा करार. १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की १९५७ च्या रोम करारातलं समान वेतनाचं कलम ११९ हा नुसता सदिच्छेचा मजकूर नाही, त्याच्या आधारे थेट दाद मागता येते.

हे कलम करारात आलं कसं, तेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये समान वेतनाचा कायदा आधीपासून होता. शेजारच्या देशांत बायकांना कमी मजुरी देऊन स्वस्त माल बनेल आणि आपले कारखाने मार खातील, ही फ्रान्सची भीती होती. बाजाराच्या हिशेबातून बायकांचा हक्क जन्माला आला. पुढे बायकांनी तो आपलासा केला हा भाग निराळा, पण जन्मखूण राहिलीच.

आता जे देश या संघाचे सभासदच नाहीत त्यांच्याकडे वळू. सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट तुर्कस्तानची आहे.

तुर्कस्तानने १९८७ मध्ये सभासदत्वासाठी अर्ज केला आणि डिसेंबर १९९९ मध्ये त्याला 'उमेदवार देश' म्हणून मान्यता मिळाली. उमेदवाराची अवस्था लग्न ठरलेल्या मुलीसारखी असते. सासरच्या रीती आधीच अंगवळणी पाडायच्या, आणि लग्न होईलच याची खात्री कुणी देत नाही. संघाचे कायदे बनवताना तुर्कस्तानला मत नव्हतं, पण ते सगळे आपल्या कायद्यात उतरवून दाखवणं बंधनकारक होतं. २००३ च्या कामगार कायद्यात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी आली, बाळंतपणाची रजा बारावरून सोळा आठवडे झाली. नवा नागरी कायदा १ जानेवारी २००२ पासून लागू झाला आणि नवरा कायद्याने कुटुंबप्रमुख राहिला नाही. लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेत दोघांचा निम्मा वाटा आला. अर्थात पुरुष खासदारांनी त्यातही पाचर मारून ठेवली. हा नियम २००२ नंतर मिळवलेल्या मालमत्तेलाच लागू. ज्या बायकांनी त्याआधी वीस-तीस वर्षं संसार ओढला, त्यांची ती वर्षं हिशेबात धरली गेली नाहीत.

खरी झुंज झाली ती फौजदारी कायद्यावरून. तुर्कस्तानचा जुना फौजदारी कायदा १९२६ चा. त्यात बलात्कार हा बाईविरुद्धचा गुन्हा नव्हताच. तो 'सार्वजनिक नीती आणि कुटुंबव्यवस्था' यांच्याविरुद्धचा गुन्हा होता. बलात्कार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं की शिक्षा टळायची. न्याय मंत्रालयाला सल्ला देणाऱ्या एका प्राध्यापकांनी २००३ मध्येसुद्धा या कलमाची तरफदारी केली, कौमार्य गेलेल्या मुलीशी दुसरं कोण लग्न करणार, असं म्हणून! (असे प्राध्यापक कुठल्याच देशाची मक्तेदारी नाहीत.) स्त्री संघटनांनी एकत्र येऊन एक मंच उभारला, वकील बायकांनी जुन्या कायद्यातलं कलम न् कलम तपासलं, नवा मसुदा शब्दाशब्दाने लिहून खासदारांच्या हातात ठेवला. २६ सप्टेंबर २००४ रोजी नवा कायदा मंजूर झाला तेव्हा त्यात या मंचाने सुचवलेले तीसहून जास्त बदल होते. लैंगिक गुन्हे 'व्यक्तीविरुद्धचे गुन्हे' झाले, नवऱ्याने केलेला बलात्कार गुन्हा ठरला, लग्न करून सुटण्याची पळवाट बंद झाली.

शेवटच्या महिन्यात सरकारने अचानक व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं कलम पुढे केलं. तुर्कस्तानच्या घटना न्यायालयाने हे कलम पुरुषांच्या बाबतीत १९९६ मध्ये आणि बायकांच्या बाबतीत १९९८ मध्ये रद्द केलं होतं. ते परत आणायचं आणि म्हणे त्याने दुसरी बायको करणाऱ्या नवऱ्यांना चाप बसेल! पोलीस ठाण्यात अशा कलमाची चिमट कुणाला बसते हे बायकांना सांगावं लागत नाही. (आपलं कलम ४९७ जायला सप्टेंबर २०१८ उजाडलं.) शेकडो बायकांनी अंकारात संसदेवर मोर्चा नेला. तिकडे ब्रसेल्सने सुनावलं की हे कलम आलं तर सभासदत्वाच्या बोलण्यांचं कठीण आहे. संघाचा अहवाल ऑक्टोबरमध्ये यायचा होता. पंतप्रधान एर्दोआन ब्रसेल्सला जाऊन आले आणि कलम मागे पडलं.

मग हे हक्क ब्रसेल्सने दिले का? तारखा पाहा. १९८७ मध्ये एका न्यायाधीशाने मारहाण सोसणाऱ्या बाईला घटस्फोट नाकारला, त्यावर इस्तंबूलमध्ये बायका रस्त्यावर उतरल्या. बाईने नोकरी करायला नवऱ्याची परवानगी लागते, हे कलम घटना न्यायालयाने १९९० मध्ये रद्द केलं. पीडित बाई वेश्या असेल तर बलात्काराची शिक्षा कमी करायची, हे कलमही बायकांच्या निदर्शनांनंतर त्याच वर्षी गेलं. घरातल्या हिंसेपासून संरक्षणाचा कायदा जानेवारी १९९८ चा. हे सगळं 'उमेदवारी' मिळण्याच्या आधीचं. शिवाय २००४ मध्ये युरोपीय संघाच्या कायद्यात व्यभिचाराबद्दल किंवा लग्नांतर्गत बलात्काराबद्दल एक ओळही नव्हती. तो विषय सभासद देशांकडेच होता. तुर्की कार्यकर्त्यांना हे चांगलं माहीत होतं. त्यांनी युरोपचा कायदा वापरला असं म्हणण्यापेक्षा युरोपची तारीख वापरली असं म्हणणं जास्त बरोबर. सरकारला घाई होती, आणि त्यांचा मसुदा तयार होता.

जे ब्रसेल्सला महत्त्वाचं वाटलं नाही ते राहून गेलं. 'प्रथे'साठी केलेल्या खुनाला जबर शिक्षा आली, पण बायकांना हवा असलेला 'इज्जत' हा शब्द कायद्यात आला नाही. न्यायाधीश किंवा सरकारी वकील यांच्या हुकमाने बाईची शारीरिक तपासणी करताना तिची संमती हवी, ही मागणीही मान्य झाली नाही.

पुढे लग्न मोडल्यातच जमा झालं. बोलणी ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झाली, रखडली आणि २०१८ मध्ये संघाने ती थांबल्याचं स्वतःच जाहीर केलं. २० मार्च २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या एका हुकमाने तुर्कस्तान स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या इस्तंबूल करारातून बाहेर पडला. ज्या शहराचं नाव त्या कराराला आहे, त्याच देशाने! हा करार युरोपीय संघाचा नाही, युरोप परिषदेचा आहे, आणि तुर्कस्तान त्या परिषदेचा सभासद आहे. पण युरोपला खूश ठेवण्याची गरज संपली की काय होतं, ते यातून कळतं. मधल्या काळात नोव्हेंबर २०१६ मध्ये अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिच्याशी लग्न करणाऱ्यांना माफी देणारं विधेयक आलं होतं. तेव्हा ब्रसेल्सचा धाक जवळजवळ उरला नव्हता. तरी ते मागे घ्यावं लागलं, कारण बायका गावोगावी रस्त्यावर आल्या होत्या.

आता अगदी वेगळा देश, नॉर्वे. श्रीमंत, आणि स्त्रियांच्या हक्कांत युरोपीय संघाच्या पुढे. नॉर्वेच्या लोकांनी १९७२ आणि १९९४ अशा दोन सार्वमतांत सभासद व्हायला नकार दिला. १९९४ मध्ये 'नाही' म्हणणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. आपल्या कल्याणकारी सोयींना धक्का लागेल ही भीती त्यामागे होती. पण बाजार हवा म्हणून सरकारने युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार केला. तो जानेवारी १९९४ पासून लागू आहे. त्यानुसार बाजाराशी संबंधित संघाचे कायदे नॉर्वेला स्वीकारावे लागतात, ते ठरवताना मत मात्र नाही. नियम ब्रसेल्सहून फॅक्सने येतात, म्हणून तिथले लोक याला 'फॅक्स लोकशाही' म्हणत.

याचा फटका बायकांना बसला. प्राध्यापकांमध्ये बायका फार कमी होत्या, म्हणून काही जागा फक्त बायकांसाठी ठेवण्याची सोय नॉर्वेच्या विद्यापीठ कायद्यात केली होती आणि ऑस्लो विद्यापीठ तिचा वापर करत होतं. जानेवारी २००३ मध्ये या कराराखालच्या एफ्टा न्यायालयाने निकाल दिला की हे चालणार नाही. कारण? संघाचा १९७६ चा समान वागणुकीचा निर्देश! पुरुषाचा अर्ज पाहिलाच जात नाही, म्हणजे त्याच्याशी भेदभाव. याची वाट लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १९९५ मध्येच करून दिली होती. जर्मनीतल्या ब्रेमेन शहराच्या उद्यान खात्यातल्या एका बढतीवरून त्याने बायकांना आपोआप झुकतं माप देण्याला नकार दिला होता. पंचायतीतलं आरक्षण लढून मिळवलेल्या आपल्याला हे वाचून राग येईल. समानतेचा कायदा समानतेसाठी केलेल्या उपायावरच उलटवला गेला, आणि तोही अशा देशात, जिथल्या बायकांनी या संघात जायला नकार दिला होता.

गंमत म्हणजे वारं उलट दिशेनेही वाहतं. नॉर्वेने त्याच वर्षी, डिसेंबर २००३ मध्ये, मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर किमान ४० टक्के बायका हव्यात असा कायदा केला आणि २००८ पर्यंत तो अमलात आणून दाखवला. युरोपीय संघात तसा प्रस्ताव २०१२ मध्ये मांडला गेला, दहा वर्षं अडकला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला. कार्यकारी नसलेल्या संचालकांत ४० टक्के, मुदत जून २०२६. ज्यांना मत नव्हतं त्यांचं उदाहरण मत असणाऱ्यांना गिरवावं लागलं.

स्वित्झर्लंडबद्दल थोडक्यात. तिथल्या लोकांनी १९९२ मध्ये हा आर्थिक क्षेत्राचा करारही नाकारला. तरी तिथलं सरकार १९८८ पासून प्रत्येक नवं विधेयक संघाच्या कायद्याशी जुळतं का ते तपासून संसदेत मांडतं. कुणी सक्ती केलेली नाही, शेजाऱ्यांशी व्यापार करायचा म्हणून. मात्र बाळंतपणाची किमान १४ आठवड्यांची रजा संघात १९९२ च्या निर्देशाने आली, ती भरपगारी नाही तरी भत्त्यासह स्विस बायकांना मिळायला जुलै २००५ उजाडलं. मालाच्या वेष्टनावरचे नियम लवकर सीमा ओलांडतात. बाळंतिणीचे नियम मागे राहतात.

आपल्या उपखंडातल्या कुठल्याच देशाला सभासदत्वाचं आमिष नाही. इथे हा कायदा येतो तो बाजारातून. बांगलादेशचे कपडे गरीब देशांसाठीच्या सवलतीखाली युरोपात बिनजकात जातात. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, बहुसंख्य बायका. सवलत जाईल या धास्तीने जुलैमध्येच बांगलादेशने युरोपीय संघाबरोबर एक जाहीरनामा केला आणि कामगार कायदा बदलला. युनियनची नोंदणी करताना सभासदांची यादी मालकाला दाखवायची पद्धत बंद झाली. पण नोंदणीसाठी कारखान्यातले ३० टक्के कामगार हवेत ही अट तशीच ठेवली. ती २०१८ मध्ये २० टक्क्यांवर आली. अकराशे जिवांनंतर सरकार हललं, ते ग्राहक हातचा जाईल म्हणून.

आणि महाराष्ट्रात? नाशिकच्या द्राक्षबागा पाहा. युरोपात द्राक्षांवर कोणत्या औषधाचा किती अंश चालेल याच्या मर्यादा तिथे ठरतात. त्या पाळण्यासाठी आपल्या 'अपेडा'ने निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, नमुने आणि प्रयोगशाळा अशी सगळी यंत्रणा उभी केली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश जास्त सापडला म्हणून युरोपात माल अडकला, बागायतदार बुडाले आणि ते रसायनही आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत आलं. म्हणजे आपल्या संसदेत चर्चाही न होता दिंडोरी-निफाडच्या शेतातलं काम परक्या कायद्याप्रमाणे बदललं. ते चांगलंच झालं. पण तो कायदा मोजतो काय? द्राक्षाच्या सालीवर राहिलेलं औषध. विरळणी करणाऱ्या, घड द्रावणात बुडवणाऱ्या बाईच्या हातावर, तिच्या फुप्फुसात काय राहिलं ते मोजत नाही. खाणाऱ्याच्या शरीराला कायदा आहे, पिकवणारीच्या शरीराला नाही. परदेशी खरेदीदारांच्या खाजगी प्रमाणपत्रांत हातमोजे, मास्क, हात धुण्याची जागा असे रकाने असतात. ते कोण भरतं, आणि तपासणीच्या दिवशी टोळीतल्या बाईला कुणी काही विचारतं का, हा प्रश्न उरतो.

इथवर पाहिलेले कायदे मालाच्या पाठीमागच्या माणसापर्यंत क्वचितच पोचतात. तिथवर जाऊ पाहणारा एक कायदा २०२४ मध्ये आला. संघात धंदा करणाऱ्या बड्या कंपन्यांनी, मग त्या कुठल्याही देशाच्या असोत, आपला माल जिथून येतो तिथपर्यंत जाऊन मानवी हक्कांची पायमल्ली होत नाही ना हे पाहायचं, आणि झाली तर जबाबदारी घ्यायची. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा विचार करा. मुकादमाची उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, पाळीच्या दिवसांत खाडा केला तर दंड. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. इथली साखर विकत घेणाऱ्या शीतपेय कंपन्या युरोपातही धंदा करतात. म्हणजे या साखळीचं एक टोक कोयत्याला आणि दुसरं ब्रसेल्सला, असं होऊ शकलं असतं.

पण वर्षभरात उद्योगपतींचा दबाव आला. एप्रिल २०२५ मध्ये तारखा पुढे ढकलल्या. डिसेंबर २०२५ मधल्या तडजोडीत, पाच हजारांहून अधिक कामगार आणि दीड अब्ज युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांपुरताच कायदा ठेवायचं ठरलं, आणि नुकसानभरपाईसाठी सगळ्या संघात एकच नियम ही तरतूद गेली. बीडच्या बाईला कुणी विचारलं नाही. विचारणार कसं, तिला तिथे मत नाही. सक्तीच्या मजुरीतून बनलेल्या मालाला संघाच्या बाजारात बंदी करणारा दुसरा नियम तेवढा शिल्लक आहे. तो डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायचा आहे.

१९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची परिषद झाली तेव्हा व्यापार करारात कामगार हक्कांचं कलम असावं का यावर आपल्या चळवळीत दोन तट पडले होते. श्रीमंत देशांचा आपला माल अडवण्याचा हा डाव आहे, असं अनेकींचं मत होतं, आणि त्यात तथ्य होतं. फ्रान्सचं कलम ११९ आठवा. आमचं म्हणणं एवढंच, की डाव त्यांचा असला तरी पट्टीने आधी कुणाचं काय मोजायचं, हे ठरवताना आपण हजर असायला हवं. तुर्की बायकांचा मसुदा तारीख येण्याआधी तयार होता. ऊसतोडणीतल्या उचलीच्या नोंदी, दंडाच्या पावत्या, दवाखान्यांची बिलं, कोण कुठल्या कारखान्यासाठी तोडत होती याचे कागद आपल्याकडे आज एकत्र नाहीत. परक्या कायद्यापुढे असोत की इथल्या कामगार आयुक्तांपुढे, लागणार आहेत ते हेच कागद.

नाशिक, सांगली, सोलापूर भागातल्या गटांनी जवळच्या पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या बायकांशी बोलून पाहावं, प्रमाणपत्राचा अर्ज पाहायला मिळाला तर मजूर बायकांबद्दल कोणते रकाने आहेत ते उतरवून पाठवावं. मराठवाड्यातल्या गटांनी कारखाने सुटल्यावर परतणाऱ्या टोळ्यांकडे उचलीचा काय कागद असतो, की काहीच नसतो, ते कळवावं. बाईचं, गावाचं नाव लिहू नये. जे येईल ते पुढच्या अंकात छापू.

संपादक मंडळ